जादूच्या खेळाचे कागद

जादूगार रघुवीर हे नाव पुण्याला सांगावं लागत नाही. १९२४ साली जन्मलेल्या रघुवीर भोपळे यांनी देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिलं. आज त्यांची तिसरी पिढी रंगमंचावर आहे. रघुवीरांच्या काळातली हस्तपत्रकं, तिकिटं मात्र बहुतेक रद्दीतच जातात.

उलट, सुटकेचे खेळ करणारा जादूगार हुडिनी स्वतःच मोठा संग्राहक होता. १९२६ साली तो गेला आणि त्याच्या संग्रहातली बरीच पुस्तकं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली. त्याच्या बेड्या, कुलपं यांचीच सगळ्यांना भुरळ पडते. माझ्या मते खरा इतिहास कागदात असतो. तारीख, थिएटर, तिकिटाचा दर, सगळं त्यावर छापलेलं.

जुन्या बाजारात जादूच्या खेळाचं पोस्टर दिसलं तर भिंगातून पाहा. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर शिळाछापाची नक्कल असण्याची शक्यता मोठी. लॅमिनेशन कधीच करू नका, चिकटपट्टीही लावू नका. कागद कायमचा बिघडतो. आम्लरहित कागदात, सपाट, उन्हापासून दूर ठेवा. आणि माळ्यावरची जुनी ट्रंक रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाच.