बाजूला उभा राहिलेला खेळाडू

अमेरिकेतला फुटबॉल हा आपल्या परिचयाचा पायांचा खेळ नव्हे. तेथील चेंडू लांबट. तो हातात धरून पळावयाचे किंवा फेकावयाचे. चाल सुरू होताच चेंडू बहुधा ज्याच्या हाती येतो, तो क्वार्टरबॅक. प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना त्याने दोन-तीन क्षणांत निर्णय घ्यावयाचा!

स्टीव्ह स्परियर हा फ्लॉरिडा विद्यापीठाचा असा क्वार्टरबॅक. 1966 च्या ऑक्टोबरात ऑबर्न विद्यापीठाशी 27-27 अशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. खांबांमधून चेंडू लाथेने उडविण्याचे काम एरवी दुसऱ्याचे; पण स्परियरच पुढे झाला आणि 40 यार्डांवरून त्याने तो पार केला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानाचा हाइझमन करंडक त्याच वर्षी त्याला मिळाला. तो त्याने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या स्वाधीन केला. मग विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी दुसरा करवून घेतला, आणि पुढे खेळाडूला एक व विद्यापीठाला एक असे दोन करंडक देण्याची प्रथाच पडली.

मला मात्र त्यानंतरचा, न गाजलेला काळ अधिक मोलाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघात 1967 पासून नऊ हंगाम तो बहुतांशी राखीवच राहिला. जॉन ब्रोडी खेळे आणि हा पाही. 1976 मध्ये टँपाच्या नव्या संघाचे क्वार्टरबॅकपद मिळाले, तर तो संघ त्या हंगामातले चौदाच्या चौदा सामने हरला. पण कडेला उभ्या राहणाऱ्याला मैदान अधिक दिसत असावे.

1990 मध्ये तो प्रशिक्षक म्हणून फ्लॉरिडाला परतला. 1996 च्या नोव्हेंबरात फ्लॉरिडा स्टेटने त्याच्या संघाला 24-21 असे हरविले. क्वार्टरबॅक डॅनी वर्फल वारंवार आपटला गेला. थोड्याच दिवसांत वर्फललाही हाइझमन करंडक मिळाला. करंडक मिळविलेल्या प्रशिक्षकाच्या शिष्याला तोच करंडक मिळावा, असे पूर्वी घडले नव्हते. जानेवारी 1997 मध्ये न्यू ऑर्लीन्सला पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला. स्परियरने केले एवढेच, की वर्फलला काही यार्ड मागे उभे केले. धावून येणाऱ्यांना तेवढे अंतर वाढले, फेकणाऱ्याला क्षणभर अवधी मिळाला. आणि 52-20 अशा विजयाने फ्लॉरिडाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

2002 मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाने त्याला बोलाविले. तेथे दोनच हंगाम निघाले. मग तो विद्यार्थ्यांकडेच वळला, आणि 2005 पासून 2015 पर्यंत साउथ कॅरोलायना विद्यापीठात शिकवीत राहिला.