नाटकात त्यांना काम द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी आपण मुलांचे कार्यक्रम बसवतो. नाच होतो, गाणी होतात, बाबासाहेबांच्या जीवनावर नाटुकलं होतं. लेकरू स्टेजवर आलं की आईबापाची छाती फुगते. पण आपल्याच गल्ल्यांत अशीही मुलं आहेत, जी या गर्दीत कधी दिसत नाहीत. कोणाला डोळ्यांनी दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणी चाकाच्या खुर्चीवर आहे, कोणाला गोष्ट उशिरा समजते. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्याजवळ शेजारीण बसते आणि आई घाईघाईने दुसऱ्या लेकराचा नाच बघून परत जाते. पूर्वी आपण त्यांना अपंग म्हणत होतो, आता सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला, विहाराच्या पायऱ्या तशाच आहेत.

फार तर काय होतं? एखाद्या मुलाला उचलून वर आणतात, हातात वही-पेन देतात, टाळ्या होतात, फोटो निघतो. आमचं म्हणणं असं की, हे पुरे झालं. त्या मुलाला नाटकात काम द्या. काम दिलं की तालमीला यावं लागतं, वाक्य पाठ करावं लागतं, चुकलं तर बोलणी खावी लागतात आणि जमलं तर पाठीवर थाप पडते. इतर मुलांना हेच तर मिळतं.

कोणी म्हणेल, न दिसणारं मूल स्टेजवर वावरणार कसं? त्याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. स्वागत थोरात या दिग्दर्शकाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हे नाटक ८८ अंध कलाकारांना घेऊन उभं केलं. एक-दोन नव्हे, ८८! याच थोरातांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक सुरू केलं. तेव्हा हे होत नाही असं कोणी म्हणू नये.

यात जादू काही नाही. सतरंजीखाली जाड दोरी अंथरली तर अनवाणी पायाला स्टेजची कड समजते. पावलं मोजून जागा पक्की करता येते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ढोलकी लाकडी फळ्यांवर टेकवून वाजवली तर ठेका तळपायाला कळतो. उशिरा समजणाऱ्या मुलाला कागद देऊ नका, प्रसंग करून दाखवा, रोज त्याच क्रमाने करा आणि स्टेजवर त्याच्यासोबत एक जोडीदार ठेवा. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना मोठा आवाज सोसत नाही, त्यांच्यासाठी स्पीकर कमी करा. सांगायचं एवढंच की, मूल नाटकात बसत नसेल तर नाटक मुलाला बसेल असं करा.

आम्ही गिरणीतली माणसं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. सूत तुटलं, साहेब आला, जेवणाची सुट्टी झाली, सगळं ओठ बघून आणि हाताच्या खुणेनं. कित्येक जुन्या कामगारांचे कान या आवाजाने गेले. कर्णबधिरांची खुणांची भाषा आमच्या खुणांहून कितीतरी पुढची आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. ती आपल्या बोलत्या मुलांनीही शिकावी. तालमीत ती आपोआप शिकतील.

पैसा कुठून आणायचा, असं विचाराल. लंडनमध्ये १९७४ साली दोन बायांनी कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये मुलांचं नाटक सुरू केलं. ‘चिकनशेड’ हेच तिचं नाव पडलं. आज तिथे सर्व तऱ्हेची मुलं एकत्र काम करतात. आणि इतक्या लांब तरी कशाला जावं? १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गाजले, ते काय नाट्यगृहं बांधून? ज्यांना कोणी स्टेजवर चढू देत नव्हतं त्यांनी मैदानालाच स्टेज केलं. आपण त्यांचे वारस म्हणवतो आणि आपलीच काही लेकरं स्टेजखाली राहतात, हे शोभत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की, कला आणि मनोरंजनात भाग घेणं हा या माणसांचा हक्क आहे. हक्क म्हटला की मेहेरबानी संपली.

म्हणून आजच्या दिवशी समितीपुढे तीन मागण्या ठेवतो. एक, दाराशी उतार बांधावा. एक फूट उंचीला १२ फूट लांबी लागते. आपल्या पायऱ्या दीड फूट उंच आहेत, म्हणजे १८ फूट उतार झाला. गवंडीकाम आमची मुलं करतील, सिमेंट-वाळूचं समितीने बघावं. दोन, दर रविवारी दुपारी हॉल तालमीला मोकळा ठेवावा, आणि तालीम सगळ्या मुलांची एकत्रच व्हावी. तीन, महिला मंडळाने घरोघरी जाऊन आयांशी बोलावं. घरात मूल झाकून ठेवणारी आई वाईट नसते, लोकांच्या नजरेला ती भ्यालेली असते. ती भीती आपण घातली, आपणच काढायची.

पुढच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत या मुलांची नावं पात्रांच्या यादीत छापलेली दिसावीत.