पुटिकांची साक्ष खानदेशात तपासू या

पेशींनी रक्तात सोडलेल्या पुटिकांवरची प्रथिने वाचून मोठ्या आतड्याचा कर्करोग ओळखता येईल का, हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांचा आहे, असे काहींना वाटेल. माझे मत वेगळे आहे. ही चाचणी कुणासाठी वापरायची याचे उत्तर खानदेशातल्या रुग्णांकडे पाहिल्याशिवाय मिळणार नाही.

१९८३ साली मॉन्ट्रियल आणि सेंट लुईस इथल्या दोन गटांनी दाखवून दिले, की तांबडी पेशी परिपक्व होताना नको असलेले प्रथिन इवल्याशा पुटिकांत भरून बाहेर टाकते. बरीच वर्षे हा पेशीचा केरकचराच मानला गेला. पुढे लक्षात आले, की ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पुटिकांच्या आवरणावर मूळ पेशीची प्रथिने शाबूत असतात. गाठीतल्या जिवंत पेशीही त्या सोडत राहतात. २०१४ मध्ये ताकाहिरो ओचिया यांच्या जपानी गटाने ‘सीडी९’ आणि ‘सीडी१४७’ ही दोन्ही प्रथिने एकाच पुटिकेवर असतील तर ती ओळखणारी पद्धत मांडली. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत अशा पुटिका जास्त आढळल्या. पद्धतीला रक्तद्रवाचे काही मायक्रोलिटर पुरले आणि महागड्या अतिवेगवान सेंट्रिफ्यूजची गरज पडली नाही. १९६५ पासून माहीत असलेला ‘सीईए’ हा मार्कर धूम्रपानाने आणि यकृताच्या विकारांतही वाढतो, आणि रोगाच्या सुरुवातीला बहुधा हुलकावणी देतो. म्हणून या नव्या वाटेची ओढ स्वाभाविक आहे.

पण ही चाचणी सरसकट सगळ्यांची करावी, या सूचनेला माझा विरोध आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे या रोगाचे प्रमाण कमी आहे. समजा, एक लाख निरोगी दिसणाऱ्या माणसांत ५० जणांना लपलेला कर्करोग आहे, आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती ५० पैकी ४५ जणांना पकडेल आणि त्यांच्याबरोबर सुमारे दहा हजार निर्दोष माणसांनाही धास्तावून दुर्बिणीच्या तपासणीला पाठवेल. आता दुसरा गट घ्या. संडासवाटे रक्त जाते, ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने मलम आणि काढे चालू आहेत, असे हजार रुग्ण. त्यांत ३० जणांना कर्करोग आहे असे धरले, तर तीच चाचणी १२४ जणांकडे बोट दाखवेल आणि त्यांतले २७ खरे निघतील. चाचणी तीच राहिली, माणसे बदलली आणि तिची किंमत पालटली. टाटा मेमोरियलच्या सुमारे ८०० रुग्णांच्या आढाव्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. पन्नाशीनंतरच तपासा, हा बाहेरचा नियम आपल्या कामाचा नाही, हेही त्यातून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की शौचातले रक्त शोधणारी स्वस्त चाचणी असताना हा खटाटोप कशाला? आक्षेप वजनदार आहे. ब्रिटनमध्ये लक्षणे असलेल्या रुग्णांची क्रमवारी आता त्याच चाचणीने लावतात. म्हणून पुटिकांच्या चाचणीला निरोगी माणसांशी तुलना करून जिंकू देऊ नये. मूळव्याध, आमांश आणि हुककृमी असलेल्या रुग्णांत, त्या स्वस्त चाचणीच्या शेजारी उभी राहून तिने काही भर घातली, तरच ती घ्यावी. दुसरा आक्षेप माझ्याच उदाहरणातून निघतो: ३० पैकी ३ जण सुटले, त्यांचे काय? निकाल ‘नाही’ आला म्हणून कुणालाही घरी पाठवायचे नाही. दुर्बिणीच्या रांगेत आधी कोण एवढेच तिने ठरवावे. रक्त जाणे थांबले नाही, तर तपासणी व्हायलाच हवी.

अडचण आहे ती नमुन्याची. रक्तातल्या प्लेटलेट्सही पुटिका सोडतात आणि त्यांच्यावरही ‘सीडी९’ भरपूर असते. चोपडा, यावल किंवा साक्रीहून वैशाखाच्या उन्हात काही तास प्रवास करून आलेल्या नळीत प्लेटलेट्सचाच गलबला ऐकू येऊ शकतो. किती तास, किती तापमान, कोणती नळी, याची मोजणी इथेच करावी लागेल. बाहेरच्या निकालावर विसंबून चालणार नाही: स्वादुपिंडाच्या कर्करोगात ‘ग्लायपिकन-१’ या पुटिका-प्रथिनाने २०१५ मध्ये जवळजवळ निर्दोष निदान होते असे जाहीर झाले. इतर गटांना तसा निकाल मिळाला नाही. अस्सल कागदाचा आधार सापडल्याखेरीज बखरीवर विसंबू नये, असा आग्रह धरणारे इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आजही उभे आहे. तीच शिस्त या क्षेत्राला हवी.

ग्रामीण महाराष्ट्राला हे झेपेल का, असे विचारणाऱ्यांनी बार्शीकडे पाहावे. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसह तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन तपासण्या पारखल्या. २००९ मध्ये आलेल्या निकालात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. रोग सापडणे आणि जीव वाचणे यांतला फरक आपल्याच गावांनी जगाला दाखवला आहे.

जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आणि शिरपूरची औषधनिर्माण संस्था यांना माझी विनंती आहे: जळगावातल्या या दोन दिवसांच्या परिषदेत एकत्र बसा आणि रक्त घेण्याची एकच रीत ठरवा. संडासवाटे रक्त जाणाऱ्या रुग्णांची सामायिक नोंदवही उघडा, आणि पहिला नमुना तालुक्याच्या रुग्णालयातून घ्या.