परदेशचे अर्थशास्त्र आणि घरची तीन एकर

(शहादे येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्काराच्या प्रसंगी वक्त्याने मुलांची पाठ थोपटावी आणि खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु आज सकाळी मंडपात शिरताना एका गृहस्थांनी मला बाजूस घेऊन विचारले, "मुलगी परदेशी जाऊन उपयोजित अर्थशास्त्राची एम. एस्‌सी. करू म्हणते. तीन एकर काढावी का?" उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. तो यापुढे अनेक घरांत निघणार असल्यामुळे त्याचे उत्तर येथे सर्वांसमक्ष देतो.

मी स्वतः विलायतेस जावयास निघालो तेव्हा आमचे काका म्हणाले होते, "बाजारभाव सांगायला विलायत कशाला? नंदुरबारच्या यार्डात जाऊन उभा राहा." त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते, हे मला पुढे कळले. उरलेले निम्मे गणित होते. बी. ए. ला मी पहिल्या वर्गात आलो होतो. व्याख्या तोंडपाठ होत्या. परंतु अकरावीलाच गणिताला रामराम ठोकलेला. तेथे पहिल्याच आठवड्यात कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र पुढे आले. अभ्यासक्रम अवघा एका वर्षाचा. पहिल्या सत्रात दोन विषयांत मी नापास झालो, आणि ती बातमी घरी कळविण्याचे धैर्य मला तीन आठवडे झाले नाही.

प्रबंधाला मी नंदुरबारची ओली लाल मिरचीच घेतली. आवक वाढली की भाव उतरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाव उतरला की शेतकरी तोडणी लांबवितो, माल रोखतो. मग आवक भावाला ओढते की भाव आवकेला? नुसते आकडे शेजारी शेजारी मांडून हे उलगडत नाही. कारण आणि परिणाम यांची अशी गुंतागुंत सोडविणे, हेच उपयोजित अर्थशास्त्राचे मुख्य काम. माझे प्राध्यापक म्हणाले, जिच्यामुळे आवक बदलते, परंतु भावावर अन्य मार्गाने परिणाम होत नाही, अशी एखादी गोष्ट शोधा. मी ऐटीत "पाऊस" म्हणालो. त्यांनाही ते पटले. रात्री घरी फोन केला तर थोरले बंधू हसले. "अरे, पथारीवर व्यापाऱ्याची मिरची वाळत पडलेली असते. अवकाळीने ती भिजली की तो नवा माल घेईल कशाला?" म्हणजे पाऊस आवक घटवितो, तसा गिऱ्हाइकाचा हातही आखडतो. माझी युक्ती तेथेच कोसळली. पुढे त्यांनीच सुचविले की सणाला यार्ड बंद राहिले म्हणजे दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग लागते, ते दिवस पाहा. त्यातही खोट होती, कारण बंदच्या दिवसांत खरेदीही तुंबते. ती खोट मी प्रबंधात प्रांजळपणे लिहिली. परीक्षकांनी तेवढ्याच पानाची वाखाणणी केली.

त्या शिक्षणासाठी आमच्याही घरची तीन एकर गेली. प्रकाशाच्या बाजूची, विहिरीखालची. तीत थोरल्या बंधूंचा वाटा होता, आणि मिरचीचे ज्ञानही त्यांचेच. नोकरी लागल्यावर पैसे फेडले. परंतु दरम्यान जमिनीचा भाव माझ्या पगाराच्या फार पुढे निघून गेला होता. अर्थशास्त्राच्या पदवीधराला हे आधी कळावयास हवे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. 1915 साली अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन ते एम. ए. झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे त्यांना अर्धा टाकावा लागला. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले, आणि 1920 साली ते पुन्हा गेले. 1921 साली एम. एस्‌सी., 1923 साली डी. एस्‌सी. मधल्या खोळंब्यात, 1918 साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे, असा त्याचा आशय. ज्यांच्या घरी तीन एकरांचे चार वाटेकरी आहेत, त्यांनी तो अवश्य वाचावा.

तेव्हा त्या गृहस्थांस माझे उत्तर असे, की मुलीस पाठवा, परंतु जमीन काढू नका. निदान या वर्षी नको. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास वर्ग यांच्यासाठी राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. आपल्याला कोणती लागू पडते आणि तिच्या अटी काय, हे पाहून वेळेत अर्ज करावा. विषय झेपतो की नाही, हे घरबसल्या पाहता येते. 2019 सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ज्या एम. आय. टी. त शिकवीत होते, त्या संस्थेने 2017 साली याच विषयाचे पाठ संगणकावरून जगभर खुले केले. पुण्याच्या गोखले संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन मग बाहेर जाण्याचा मार्गही आहे, आणि तो कमी खर्चाचा आहे. आपल्या मंडळाने शिक्षणासाठी बिनव्याजी कर्जाचा निधी काढावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. मेळाव्याच्या भोजनात एक मिष्टान्न कमी केले तरी सुरुवात होईल. आचारी मंडळींनी राग मानू नये.

मुलीशीही मी बोललो. बारावीपर्यंत गणित होते, नंतर सुटले, असे ती म्हणाली. येत्या रविवारपासून सकाळी नऊ वाजता येथील वसतिगृहाच्या वाचनालयात मी गणित शिकवावयास बसणार आहे. तिने यावे, आणि ज्यांनी गणिताला रामराम ठोकला आहे त्या सर्वांनी यावे. वही आणि पेन्सिल आणावी.