पेशीच्या शोधात : डॉ. कमल रणदिवे
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली. आज गुणवंतांना शाबासकी देताना चार शब्द बोलावेत, अशी आपण आज्ञा केलीत. उपदेशाऐवजी एका संशोधिकेची हकिकत सांगावी, असे मनात आले. ती मला का सांगावीशी वाटते, ते आधी सांगतो.

माझी फुफी कराडजवळच्या खेड्यात राहत असे. सकाळी उठल्यावर मिश्री, दुपारी मिश्री, निजतानाही मिश्री. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. झोंबू लागले तेव्हा तिने तिखट सोडले, पण घरात कोणाला सांगितले नाही. अब्बांनी तिला मिरजेला दवाखान्यात नेले, तोवर फार उशीर झाला होता. 'नशिबात होतं', एवढेच सगळे म्हणाले. मी तेव्हा शाळेत होतो. नशीब म्हणून सोडून न देता असे का झाले हे विचारता येते, ते मला कॉलेजात गेल्यावर कळले.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, अशा रीतीने आपण घडलो. हे विभाजन आजही चालू आहे. केवळ रक्तातल्या तांबड्या पेशीच दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तयार होतात. विभागण्यापूर्वी पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल करते आणि दोन्ही लेकींना सारखा वाटा देते. नक्कल चुकली तर काम थांबवणारे पहारेकरीही पेशीतच असतात. पी-५३ नावाचे प्रथिन त्यांपैकी एक. ते १९७९ साली सापडले. तंबाखूतली विषारी द्रव्ये या पहारेकऱ्यांच्या जनुकांवरच घाव घालतात. पहारा उठला की पेशी बेबंद वाढते. यालाच आपण कॅन्सर म्हणतो.

आता ज्यांची हकिकत सांगायची, त्या कमलताईंकडे वळू. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे नाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर काम करून १९४३ साली एम.एस्सी. केले. पालकहो, हे ध्यानात घ्या : तेव्हा त्यांच्या लग्नाला चार वर्षे झाली होती. पती ज. त्र्यं. रणदिवे गणिताचे अभ्यासक होते. लग्न झाले म्हणून शिक्षण संपले, असे त्या घरात कोणी मानले नाही.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल इस्पितळात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा खानोलकरांनी १९४४ साली प्रसिद्ध केला होता. असा गुरू लाभलेल्या कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जगवण्याची विद्या त्यांना शिकायची होती. त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या, आणि आज त्या जगभर वापरल्या जातात. त्या घेताना तिची परवानगी कोणी विचारली नव्हती. उद्या विज्ञानात जाणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्टही विसरू नये.

कमलताईंना परदेशात राहता आले असते. त्या परत आल्या आणि १९५२ साली परळला सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या का उतरतो, त्यात आनुवंशिकता किती, शरीरातील संप्रेरके किती आणि विषाणू किती, हे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी पेशीविभाजनाची गुरुकिल्ली शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. त्यांपैकी लेलँड हार्टवेल यांनी अभ्यासाला काय घेतले होते, ठाऊक आहे? बेकरीत पाव फुगवणारे खमीर! आपल्यातल्या कितीतरी घरांचा हा रोजचा धंदा. खमिराची पेशी ज्या नियमाने दुभंगते, जवळजवळ त्याच नियमाने माणसाची दुभंगते. दुसरे, पॉल नर्स, शाळेत असताना फ्रेंच भाषेच्या परीक्षेत सहा वेळा नापास झाले. त्यामुळे विद्यापीठात प्रवेश मिळेना, म्हणून ते एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. आज ज्यांना बक्षीस मिळाले नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यातून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध गुणसूत्रांना ओढणारे धागेच जुळू देत नाही, त्यामुळे पेशीचे विभाजन थांबते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही वापरतात. मात्र पाने कोणी चघळू नका, ती विषारी आहेत.

पालकांना माझ्या दोनच विनंत्या आहेत. पहिली, घरातली मिश्री आणि तंबाखू बंद करा. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. वेळीच कळले तर हा रोग बरा होऊ शकतो.

दुसरी, मुलगी दहावी-बारावी झाली की 'आता पुरे' म्हणू नका. मुलगा असो वा मुलगी, डॉक्टर-इंजिनिअर यांखेरीज विज्ञानात इतरही वाटा आहेत. त्यांत पैसा उशिरा येतो, कधी बेताचाच येतो, हे मी लपवीत नाही. पण कमलताईंच्या वडिलांनी आपला हट्ट मुलीवर लादला असता, तर देशाला ती प्रयोगशाळा मिळायला आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे.

माझ्या फुफीला लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्या गालात काय चालले आहे, हे तिला सांगणारेही घरात कोणी नव्हते. आज समोर बसलेल्या मुलींपैकी एखादी तरी उद्या आपल्या घरात ते सांगू शकेल, एवढी माझी आशा आहे. तिला शिकू द्या.