जुन्या गाडीचा वॉटर पंप: नावावर नाही, नमुन्यावर घ्या



आज बोलायचं आहे ते गटाच्या गाडीबद्दल. आता बऱ्याच ग्रामसंघांकडे स्वतःची पिकअप आहे. नवी घेणं परवडत नाही, म्हणून वीस-पंचवीस वर्षांची जुनी गाडी घेतलेली असते. भाजी, दूध, पापड-मसाल्याची खोकी, सगळं तिच्यावर. ती एक दिवस उभी राहिली, तर भाड्याच्या टेम्पोला पैसे जातात, नाहीतर तोडलेला माल घरात सुकतो. आणि जुन्या गाडीचा हमखास जाणारा भाग म्हणजे वॉटर पंप.

हा पंप काय करतो ते आधी समजून घेऊ. इंजिन चालताना खूप तापतं. त्याच्या आतून सतत पाणी फिरतं, ते उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथे निवतं आणि परत आत जातं. हे पाणी फिरवायचं काम पंप करतो. त्याच्या आत एक छोटी चक्री असते, बाहेर पुली असते, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर ती फिरते. पंप थांबला की पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. तशीच गाडी दामटली तर इंजिनाचं हेड वाकतं. मग हजाराच्या कामाला अनेक हजार मोजावे लागतात.

पण गाडी तापली म्हणजे पंपच गेला, असं लगेच ठरवायचं नाही. पाणी कमी झालेलं असेल, पट्टा सैल असेल, रेडिएटर आतून क्षारांनी बुजला असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल. पंपाची खूण वेगळी असते. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की तिथून पाणी टपकतं. बेअरिंग गेलं असेल तर घरघर आवाज येतो. गाडी बंद आणि थंड असताना पुली हाताने हलवून पाहिली तर ती खुळखुळते.

ते भोक एम-सील लावून बुजवणारे पुष्कळ आहेत. तसं करू देऊ नका. आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणूनच कंपनीने ते ठेवलेलं असतं. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं. रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकायचीही पद्धत आहे. गळती थोडा वेळ थांबते खरी, पण तोच गाळ पुढे बारीक नळ्यांत जाऊन बसतो. हळद आपल्या डब्यातच बरी.

आता मुख्य गोष्ट. पंप बदलायचा ठरला, तर योग्य पंप आणायचा कसा?

ताईंनो, कुकरची रिंग आणायला जाताना आपण काय करतो? जुनी रिंग पिशवीत टाकतो. नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. तीन लिटरची रिंग पाच लिटरला बसत नाही. गाडीचंही तसंच आहे. दुकानात जाऊन नुसतं "जुन्या महिंद्रा पिकअपचा पंप द्या" म्हटलं, तर दुकानदार एक पंप देईलही, पण तो आपल्या गाडीचा असेलच असं नाही. कारण पंप बसतो इंजिनाला, गाडीच्या नावाला नाही. महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअपच घ्या. बाहेरून बहिणी-बहिणी दिसतात. पण काहींच्या पोटात फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या बनावटीचं एक्सडीपी इंजिन, तर काहींत एमडीआय इंजिन. दोन्हींचे पंप वेगळे. त्यात जुन्या गाडीचं इंजिन आधीच्या मालकाने बदललेलंही असू शकतं.

म्हणून घराबाहेर पडण्याआधी आरसी बुक काढायचं. त्यात इंजिन नंबर, चासी नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं. मग बोनेट उघडून इंजिनावर ठोकलेला नंबर पुसून वाचायचा. दोन्ही नंबर जुळले तर उत्तम. जुळले नाहीत, तर पंप इंजिनावरच्या नंबराप्रमाणे घ्यायचा, आणि आरटीओकडे त्याची नोंद करून घेण्याचं कामही लगेच हाती घ्यायचं. नाहीतर उद्या विम्याच्या वेळी अडचण येते.

आमच्या ग्रामसंघाच्या गाडीचा पंप गेला तेव्हा आम्ही तिघी जुना पंप धुऊन, कापडात गुंडाळून तालुक्याच्या गावी गेलो. दुकानदाराने पिशवीकडे पाहिलंही नाही. "एखाद्या गड्याला पाठवा ना ताई, तुम्हाला काय कळणार," असं म्हणत त्याने एक खोकं पुढे सरकवलं. आम्ही काउंटरवरच दोन्ही पंप शेजारी ठेवले. बोल्टची भोकं तंतोतंत जुळत होती. पण पुली जिथे बसते ती चकती नव्या पंपाची साधारण अर्धा इंच मागे होती. तो म्हणाला, "एवढं चालतं." आम्ही विचारलं, "मग पट्टा सरळ रेषेत राहील का?" यावर तो काही बोलला नाही. पट्टा तिरका चालला की घासतो, तुटतो आणि नव्या बेअरिंगवरही ताण येतो. आम्ही पंप परत ठेवला आणि रिकाम्या हाताने निघालो.

सोपं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. गाडी उभीच, आणि गटातल्या दोघींची मेथी-कोथिंबीर तोडून ठेवलेली. "घेतला असता तर आज गाडी चालली असती," असंही गावात कुणीकुणी म्हणालं. त्या बाजाराला आम्ही भाड्याचा टेम्पो केला आणि तो खर्च सगळ्या गटांनी वाटून घेतला. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या दुकानात जुन्या पंपाशी ताडून योग्य पंप मिळाला. तो बसवला, पट्टा सरळ चालला.

पंप ताडून पाहायचा तो असा. लिहून घ्या.

एक, बोल्टची भोकं किती आणि कुठे. नव्या पंपाचं पॅकिंग जुन्या पंपावर ठेवून पाहा. भोकाला भोक आलं पाहिजे.

दोन, उंची. इंजिनाला टेकणाऱ्या बाजूपासून पुलीच्या चकतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा.

तीन, आतली चक्री. तिचा घेर, पात्यांचा कल आणि ती किती खोल बसते हे पाहा. खोली चुकली तर ती आत घासते, नाहीतर पाणी नीट ओढत नाही.

चार, पाइप जोडायच्या तोंडाची जाडी आणि दिशा.

पाच, नवा पंप हाताने फिरवून पाहा. तो न अडकता, न खुळखुळता फिरला पाहिजे.

जुन्या पंपाच्या अंगावर ओतीव आकडे असतात, त्यांचा फोटो काढून न्या. पण नुसत्या त्या आकड्यांवर विसंबू नका. पुष्कळदा तो साच्याचा नंबर असतो, पार्ट नंबर वेगळा असतो.

नवा पंप मिळालाच नाही तर? जुन्याचं अंग शाबूत असेल, तडा नसेल, तर दुरुस्तीचं किट मिळू शकतं. त्यात बेअरिंग, शाफ्ट आणि सील असतं. हे काम हातोडीने ठोकून करायचं नाही, प्रेस मशीन असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्यायचं. जुन्या सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि अशा कामासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर प्रसिद्ध आहे.

पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. "न बसल्यास बदलून मिळेल" हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.

पंप बसवताना पॅकिंग नवंच लावायला सांगा आणि पट्टा तडकला असेल तर तोही बदला. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरू नका, त्याचे क्षार साचतात. कूलंट वापरा. पण जपून, ताईंनो. बऱ्याच कूलंटमधलं रसायन चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं कूलंट शेळी, कुत्रं किंवा लहान मूल चाटेल, म्हणून लगेच पुसून धुऊन काढा आणि उरलेला डबा उंचावर ठेवा. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं. गाडी पूर्ण निवू द्या.

शेवटी एक विनंती. बचतीची वही आपण ठेवतो, तशी गाडीचीही एक वही ठेवा. इंजिन नंबर, पंपाची मापं, पार्ट नंबर, कुठून घेतला, किती तारखेला बसवला, हे सगळं त्यात लिहा आणि बिलं चिकटवा. ड्रायव्हर बदलेल, मिस्त्री बदलेल, पदाधिकारी बदलतील, पण माहिती गटाकडे राहील. गाडी आपल्या कष्टाच्या पैशांची आहे, तर तिच्या पोटात काय आहे हेही आपल्यालाच माहीत हवं. या महिन्याच्या बैठकीत आरसी बुक बाहेर काढा आणि दोघी-तिघींनी मिळून इंजिनाचा नंबर वाचून या. गाडी चालू आहे तोवरच हे करून ठेवा.