यादी एक, नकला चार

(कल्याण येथे समुपदेशनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सुरुवात आमच्याच एका चुकीने करते. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईने सांगितलं होतं, "ताई, या नंबरवर आता फोन करू नका, तो मोबाइल नवऱ्याकडे असतो." कल्याणच्या कार्यकर्तीने लगेच आपल्या मोबाइलवरच्या यादीत नंबर बदलला. पण ठाण्याच्या संगणकावर त्याच यादीची महिन्यापूर्वीची नक्कल होती. तिथल्या कार्यकर्तीने ती उघडली आणि तारखेची आठवण द्यायला जुन्या नंबरवर फोन लावला. तो सासूने उचलला. पुढचे तीन आठवडे ती बाई आली नाही. आली तेव्हा काही बोलली नाही, आणि आम्हालाही काय बोलावं ते सुचलं नाही.

दोघींपैकी कोणीच हलगर्जी नव्हती. यादी एकच, पण तिच्या नकला चार, आणि खरी कोणती ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून आज हा विषय घेतला. संगणक म्हटलं की आपण म्हणतो, ते मुलांना विचारा. पण या फाइलींत बायकांचे पत्ते आहेत, त्यांच्या अंगावरच्या जखमांचे फोटो आहेत. हे मुलांवर सोपवायचं काम नाही. तुम्ही नेहमी विचारता तेच प्रश्न घेते.

पहिला प्रश्न: सिंक म्हणजे नक्की काय?

पूर्वी कपाटात एकच रजिस्टर असायचं. आता तीच नोंद मोबाइलवर, केंद्रातल्या संगणकावर, घरच्या लॅपटॉपवर हवी असते. गूगल ड्राइव्हसारख्या सेवेत एक प्रत कंपनीच्या संगणकावर राहते आणि आपलं प्रत्येक यंत्र इंटरनेटवरून तिच्याशी जुळवून घेतं. एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे पोहोचतो. लिहिलेलं पोहोचतं, तसं पुसलेलंही पोहोचतं.

दुसरा प्रश्न: मग वेगळा बॅकअप कशाला?

डोंबिवलीच्या एका मैत्रिणीचा मोबाइल भरला. "फोटो वर गेलेत ना, मग इथले काढते" असं म्हणत तिने गूगल फोटोजमधून शेकडो फोटो पुसले. ते वरूनही गेले, कारण ती नक्कल नव्हतीच, तो आरसा होता. नशिबाने लवकर लक्षात आलं. वर चढलेले फोटो पुसले की तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतात, गूगल ड्राइव्हमधल्या फाइली ३० दिवस. त्यानंतर काही करता येत नाही. फक्त मोबाइलमधली जागा रिकामी करायची असेल तर त्याच अॅपमध्ये वेगळा पर्याय आहे. तो वापरला तर वरची प्रत राहते.

दुसरं, या सेवांत ठरावीक जागाच फुकट मिळते. १ जून २०२१ पासून गूगलवर चढणारे नवे फोटोही त्या जागेत मोजले जातात. जागा भरली की नवं काही वर चढत नाही, आणि आपण मात्र निर्धास्त असतो. म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघा, शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा चढलाय.

२६ जुलै २००५ चा पूर इथे बसलेल्या अनेकींना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होते. तळमजल्यावरच्या घराघरांतले कागद भिजून गेले, ते पुन्हा जमवताना लोकांच्या चपला झिजल्या. तेव्हाचा धडा आजही तोच आहे: सगळं एका जागी ठेवू नका. महिन्याला एक नक्कल पासवर्ड घातलेल्या हार्ड डिस्कवर घ्यायची, ती संगणकाला सतत जोडून ठेवायची नाही, आणि दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवायची.

तिसरा प्रश्न: दोघींनी एकच फाइल बदलली तर?

समजा एकीने कल्याण-ठाणे लोकलमध्ये रेंज नसताना नोंद केली, आणि त्याच वेळी दुसरीने केंद्रात बसून तीच फाइल बदलली. रेंज आल्यावर दोन्ही बदल समोरासमोर येतात. काही सेवा अशा वेळी दोन वेगळ्या फाइली करून ठेवतात, काहींत शेवटचा बदल टिकतो. म्हणून यादी सगळ्यांनी एकाच ठिकाणी उघडून भरावी. ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. 'यादी नवीन', 'यादी शेवटची', 'यादी शेवटची खरी' अशी नावं दिसली की समजा, घोळ सुरू झालाय. आणि फोन करू नये असा नंबर बदलून थांबू नका. त्याच्यापुढे 'फोन करू नये' असं लिहा, तारीख घाला, आणि सहकारी कार्यकर्तीला तोंडी सांगा.

चौथा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: खातं कोणाचं?

आपल्याकडे बाईच्या हातात मोबाइल येतो तो बहुतेक वेळा नवऱ्याने, भावाने किंवा मुलाने सुरू करून दिलेला. ईमेल त्याचं, पासवर्ड त्याला माहीत. मग तिने काढलेला जखमेचा फोटो घरातल्या टॅबवर आपोआप उमटतो. तो 'हेरगिरी' करतोय असंही नाही, यंत्र आपलं काम करतंय. पण परिणाम तिला भोगावा लागतो.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, हे खातं कोणाकोणाकडे उघडतं? गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. व्हॉट्सअॅपला फोनखेरीज आणखी चार यंत्रं जोडता येतात, त्यांची यादी 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये असते. मात्र एक सांगते. अनोळखी यंत्र दिसलं की ताबडतोब काढून टाकायची घाई करू नका. तिकडे त्याला लगेच कळतं, आणि ती अजून त्याच घरात राहत असते. आधी ती सुरक्षित आहे का ते बघा. विश्वासातल्या दुसऱ्या मोबाइलवर नवं खातं उघडा, महत्त्वाचं तिथे हलवा. जुनं खातं कधी बंद करायचं ते तिनेच ठरवावं.

शेवटचा प्रश्न: वर चढवलेलं कोर्टात चालतं का?

चालतं, पण नियम आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या कायद्यातही ते होतं. आपल्या जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला हेच स्पष्ट केलं: मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी, प्रत दिली तर प्रमाणपत्र हवं. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. नवीन मोबाइल घेतला तरी जुना विकू नका. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला तर तो लहान होतो आणि कधी काढला ही आतली माहिती गळते, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. धमकीच्या मेसेजचा फोटो काढलात तरी मूळ मेसेज पुसू नका. पुढचं वकिलांना विचारा.

मैत्रिणींनो, त्या बाईची केस अजून आमच्याकडे आहे. आता तिच्या नावापुढे तीन शब्द लिहिलेत, 'फोन करू नये', आणि ते ठाण्यातही दिसतात, कल्याणमध्येही. आज घरी जाताना प्रत्येकीने एवढंच तपासा: आपल्या केंद्राच्या यादीच्या नकला किती आहेत, आणि त्यातली खरी कोणती?